आई, वडील आणि इतर

१५ सप्टेंबर, रविवार

काल अल्मातीहून परतलो. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, शेवटी गोल शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं. आयसुलूने ते चहा पिता पिता वाचलं आणि विचारलं, "म्हणजे तू आता नक्की काय करणार?"

"गोष्टी लिहिणार."

"मग आपल्या सायकालला झोपवताना एखादी सांग की."

बायको शस्त्रक्रियेच्या विभागात परिचारिका आहे, हुशार आहे, पण आमच्या धंद्यातलं तिला समजावणं अवघड. इथे नीट लिहून ठेवतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना काम सांगायची एक रीत आहे: 'अमुक म्हणून मला तमुक हवं, म्हणजे असं असं होईल.' कोणाला हवं, काय हवं, कशासाठी हवं. एका चिठ्ठीवर एक गोष्ट, आणि चिठ्ठी भिंतीवर. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, की 'म्हणजे'च्या पुढचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. मी वहीत त्याखाली जाड रेघ मारली. रोजचे निर्णय लिहून ठेवा असंही त्यांनीच सांगितलं, म्हणून ही डायरी.

काम मोठं आहे. 'तोर्गोय' नावाची बालवाड्यांची साखळी आहे, बिश्केकभर शाखा. संध्याकाळी मूल कोणाच्या हाती दिलं हे आईवडिलांना फोनवर कळावं, असं ॲप त्यांना हवंय. आमचे साहेब कुबात बाइके म्हणाले, "पहिला बर्फ पडायच्या आत एका शाखेत चालवून दाखव, मग सगळ्या शाखा आपल्या. नाहीतर अल्मातीची कंपनी टपलेलीच आहे." तसं झालं तर आमची टीम मोडणार. मी परत औषधदुकानांच्या वेबसाइटी दुरुस्त करत बसणार, आणि लारिसा पेत्रोव्हनांना नारळ.

सुदैवाने आमची लेक सायकाल त्याच बालवाडीत जाते. विषय मला घरबसल्या माहीत आहे. आज एका बैठकीत चाळीसेक गोष्टी लिहून काढल्या. सायकाल दोनदा दार वाजवून गेली. कामाच्या वेळी आत यायचं नाही हे पाच वर्षांच्या पोरीलाही कळायला हवं.

१७ सप्टेंबर

आज टीमपुढे गोष्टी वाचल्या. टीम म्हणजे दोन माणसं. कोड लिहितो तो इस्खार, टोकमोक गावचा, दुंगान जमातीचा, दुपारी गार आंबट शेवयांच्या अशलानफूचा वाडगा पोटात गेल्याशिवाय त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. आणि तपासणी करतात त्या लारिसा पेत्रोव्हना. त्या पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे अजून प्रत्येक माणसाला फळ्यासमोर उभं केल्यासारख्या बघतात.

त्यांनी चश्मा लावला आणि माझी पहिली चिठ्ठी मोठ्याने वाचली. "'एक वापरकर्ता म्हणून मला लॉग-इन करता यावं, म्हणजे मी लॉग-इन होईन.'" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उर्मात, हा वापरकर्ता राहतो कुठे?"

"म्हणजे?"

"त्याला भेटावंसं वाटतंय. बिचारा आपला लॉग-इन होतो, बाहेर पडतो, परत लॉग-इन होतो. त्याला पोरंबाळं आहेत का?"

इस्खार खुर्चीवरून पडायचा बाकी होता. त्याने दुसरी चिठ्ठी उचलली: 'एक पालक म्हणून मला मुलाचं सगळं व्यवस्थापन करता यावं.' म्हणाला, "ही मी करतो. संपेपर्यंत मला नातवंडं झालेली असतील."

नव्या पद्धतीला सुरुवातीला विरोध होणारच, हे बाईंनी सांगितलंच होतं.

२० सप्टेंबर

वापरकर्त्याला नाव दिलं. खूप फरक पडला. आझमात, वय पस्तीस, नोकरी, गाडी, जबाबदार वडील, वेळेची किंमत जाणणारा. लारिसा पेत्रोव्हना म्हणाल्या, "देखणापण असेल?" मी म्हटलं, ते गोष्टीत लिहायची गरज नाही. इस्खार म्हणाला, "आरसा काढून टाक, मग लिही."

काय म्हणायचं होतं कळलं नाही.

२६ सप्टेंबर

मुख्य गोष्ट तयार झाली. अभिमान वाटावा अशी आहे. 'आझमातसारखा बाप म्हणून, मला मुलीला न्यायला आलेल्या माणसाला फोनवरून मंजुरी देता यावी, म्हणजे मी निर्धास्त राहीन.' खाली अटी: नोंद फक्त आई आणि वडील यांची. बाकी कोणी आलं तर दोघांच्या फोनवर विचारणा जाईल. एकाने जरी हो म्हटलं तर गेटवर हिरवा दिवा, तोपर्यंत लाल. लाल असताना मूल बाहेर सोडायचं नाही.

लारिसा पेत्रोव्हनांनी विचारलं, "आणि दोघांनीही फोन बघितला नाही तर?"

"मुलाचा प्रश्न आहे. आईवडील फोन का नाही बघणार?"

त्यांनी नुसतं "हं" केलं. त्यांची मुलं मोठी होऊन नोवोसिबिर्स्कला गेली. आजच्या पालकांची त्यांना कल्पना नसावी.

या चर्चेत दुपार गेली. बाहेर येऊन बघतो तर आयसुलूचे एकामागून एक बरेच फोन येऊन गेलेले. सायकालला ताप आला होता, बालवाडीतून घेऊन जा म्हणत होते. आयसुलू कामावरून निघू शकत नव्हती. शेवटी सासरे घेऊन आले. काही बिघडलं नाही. संध्याकाळी ताप उतरलाही होता.

२९ सप्टेंबर, रविवार

सासरे जेवायला होते. मी त्यांना अता म्हणतो. ट्रॉलीबस चालवण्यात त्यांची हयात गेली, आता शहरात ट्रॉलीबसच उरल्या नाहीत, म्हणून ते सायकालची ने-आण करतात. खिमा भरलेल्या मांतीचा दुसरा घाणा उकडेपर्यंत मी त्यांना ॲप दाखवलं. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, पण बघत होते मन लावून.

"ही आयसुलू," ते म्हणाले. "हा तू. मग मी कुठाय?"

मी यादी खाली सरकवली. "तुम्ही इथे. 'इतर'."

"इतर."

"ते वर्गीकरण आहे, अता. त्याचा नात्याशी संबंध नाही."

"छे छे, बरोबर आहे तुझं," म्हणून त्यांनी वाडगा पुढे केला. "आयसुलू, इतरांना थोडा चहा मिळेल का?"

मग जेवण होईपर्यंत हेच. इतरांना मिरची चालत नाही. इतरांच्या गुडघ्यात कळ येते. सायकाल तर हसून हसून गालिच्यावर लोळली. आयसुलू हसली नाही. भांडी विसळताना म्हणाली, "उर्मात, रोज तिला कोण आणतं?"

"अता."

"मग?"

"मग काय? मी हो म्हणेन की फोनवर."

८ ऑक्टोबर

आज बालवाडीत पालकसभा होती. पहिल्यांदाच आतून बघितली. कपाटांवर नावांऐवजी चित्रं आहेत, कुठे साळिंदर, कुठे चेरी, कुठे छत्री. सायकालचं कपाट कुठलं ते विचारायचं राहिलं.

सभेचा विचका झाला. पालक फारसे आलेच नाहीत. बहुतेक सगळ्या आज्याच होत्या, थोडे आजोबा, आणि एक मावशी. मी तासभर आईवडिलांच्या सोयींबद्दल बोललो. त्या आपसात कुरुत, म्हणजे वाळल्या दह्याच्या गोळ्या, चघळत, मान हलवत बसल्या. पालकांसाठी वेगळी सभा घ्यायला हवी.

शेवटी बुरुल अपा नावाच्या एक आजी पुढे आल्या, जाड लोकरी शाल, हातात नातीची, आयदायची टोपी. "माझं नाव कुठे घालायचं, बाळा?"

"तुमचं नको, अपा. आयदायच्या आईचा नंबर द्या."

"ती मॉस्कोत आहे. गोदामात कामाला."

"हरकत नाही. ॲप जगात कुठेही चालतं."

"आणि बापाचा?"

"तोही द्या."

"तो तुला सापडला तर मलाही कळव," त्या म्हणाल्या. मागच्या सगळ्या आज्या खो खो हसल्या. मी वडिलांची जागा रिकामी सोडली. रिकामी जागा चालते, इस्खारने तशी सोय केली आहे.

१४ ऑक्टोबर

लारिसा पेत्रोव्हनांनी भिंतीवर स्वतःची एक चिठ्ठी लावली आहे: 'म्हणजे?' एवढंच. विनोद करायला हरकत नाही, पण कामाच्या भिंतीवर नको.

२१ ऑक्टोबर, सोमवार

हे लिहायला बसलोय, पण कुठून सुरू करू कळत नाही.

आज सुरुवात होती. सकाळी सगळ्या आईवडिलांना निरोप गेला, की आजपासून हिरव्या दिव्याशिवाय मूल गेटबाहेर जाणार नाही. खाली बालवाडीच्या मुख्य बाईंची सही. संध्याकाळी पाचला मी कुबात बाइकेंच्या खोलीत मोठ्या पडद्यावर आलेख दाखवायला बसलो. लारिसा पेत्रोव्हना म्हणाल्या, "आपण गेटवर जाऊ." मी म्हटलं, "इथून सगळं दिसतं." त्या एकट्या गेल्या.

आलेख चढत होता. विचारणा, विचारणा, विचारणा. कुबात बाइके खूश झाले, "बघ, किती वापर!" मी माझा फोन आवाज बंद करून पालथा ठेवला होता. साहेबांसमोर शिस्त म्हणून.

तेवढ्यात लारिसा पेत्रोव्हनांचा फोन आला, साहेबांच्या टेबलावरच्या फोनवर. "उर्मात आहे का तिथे? त्याला सांगा, गेटवर एक 'इतर' थंडीत उभा आहे. त्याचाच आहे."

मी फोन उलटा केला. 'सायकालला न्यायला तोक्तोसून आले आहेत. मंजुरी द्याल?' तोक्तोसून म्हणजे अता. असं किती वेळा विचारलं होतं, मोजवलं नाही. हो दाबलं आणि टॅक्सी पकडली.

गेटबाहेर ही गर्दी. एक आजी कुंपणाला टेकून भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया सोलत होती, दुसरी कोणाच्या तरी नावाने बोटं मोडत होती. ते नाव माझं असावं. आत पोरं कोट-टोप्या चढवून घामाघूम, निम्मी रडत होती. गेटवरच्या राखणदार तुर्सुनाय एजे ॲपचे दिवे दाखवणारी हातातली टॅबलेटची पाटी प्रत्येकाला दाखवत होत्या, "लाल आहे, बाई. मी काय करू? लाल म्हणजे नाही."

सायकालचा दिवा एव्हाना हिरवा होता. मी आत जायला लागलो तर एजेंनी हात आडवा घातला.

"तुम्ही कोण?"

"मी सायकालचा बाबा."

"सगळे तसंच म्हणतात."

"अहो, हे ॲप मीच केलंय!"

हे बोलायला नको होतं. बोटं मोडणाऱ्या आजी आता थेट माझ्याकडे वळल्या. अतांनी मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तुर्सुनाय एजेंना म्हणाले, "सोडा. माझ्या ओळखीचा आहे."

हळूहळू दिवे हिरवे होत गेले. कोणाची आई बँकेतून बाहेर पडली, कोणाचा बाप दोर्दोय बाजारात दुकान बंद करून फोनकडे वळला. गर्दी ओसरली. उरल्या बुरुल अपा. बाकावर बसलेल्या, मांडीवर तीच टोपी. काचेपलीकडे आयदाय, आपल्या सायकालहून लहान.

मुख्य बाई खूप प्रयत्न करत होत्या. मॉस्कोचा नंबर लागत नव्हता. गोदामात कामगारांचे फोन कपाटात कुलूपबंद ठेवतात, असं अपांनी सांगितलं.

"तुम्ही तिच्या आजी आहात हे दिसतंय," मी म्हटलं. "बाई, सोडा ना त्यांना."

"मी सही केलीय," मुख्य बाई म्हणाल्या. "तुमच्याच कागदावर. पहिल्याच दिवशी मीच नियम मोडला, तर उद्या खरोखर कोणी परका आल्यावर कुठल्या तोंडाने अडवू?"

मी इस्खारला फोन केला. "सगळं बंद कर. तात्पुरतं."

"बंद करायचं बटण?" तो म्हणाला. "कुठल्या गोष्टीत लिहिलं होतंस?" मग त्याचा आवाज बदलला. "थांब. हाताने करता येतं का बघतो. वेळ लागेल."

आम्ही बाकावर बसलो. अतांनी खिशातून कागदात गुंडाळलेले बूरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, काढले. लारिसा पेत्रोव्हना अपांशेजारी सरकल्या. मी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हटलं, "काळजी करू नका अपा, अर्ध्या तासाने काही फरक पडत नाही."

अपांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "साडेसहाला तिच्या आईचा फोन असतो. मधल्या सुट्टीत मुकादमीण स्वतःचा फोन देते तिला, पाच-दहा मिनिटं. घरच्या फोनवर. माझा नंबर तिला पाठ नाही, घरचा आहे, लहानपणापासूनचा. पोरीला तोंडबिंड धुऊन फोनपाशी बसवून ठेवते मी."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेसात वाजून गेले होते.

शेवटी लारिसा पेत्रोव्हना उठून मुख्य बाईंकडे गेल्या. "या बाईंना तुम्ही कधीपासून ओळखता?"

"आयदाय चालायला लागली तेव्हापासून."

"मग तुमचा स्वतःचा दिवा कुठला लागलाय? लाल की हिरवा?"

मुख्य बाईंनी हातातली पाटी टेबलावर पालथी घातली आणि स्वतः जाऊन आयदायला घेऊन आल्या. अपांनी नातीला टोपी घातली, कानांवरून नीट ओढली, आणि दोघी जवळजवळ पळतच निघाल्या. पळून उपयोग नव्हता हे त्यांनाही माहीत होतं.

२२ ऑक्टोबर

सकाळी अपा गेटवर भेटल्या. काल घरी फोन वाजत राहिला. आयदायच्या आईला वाटलं, पोरीचं काहीतरी बरंवाईट झालं. पाळी संपेपर्यंत कोणाला विचारायची सोय नाही. आयदाय गाढ झोपल्यावर आईचा परत फोन आला. "मग मी फोन पोरीच्या नाकापाशी धरला," अपा म्हणाल्या. "श्वास ऐकवला."

माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू चांगलाच मुलगा आहेस. पण उंटावर बसून शेळ्या हाकतोस."

ॲप बंद केलं. कुबात बाइके इतके रागावले की ओरडलेच नाहीत.

आयसुलूला सगळं सांगितलं. तिला वाटलं मी बाकीच्यांच्या वागण्याबद्दल तक्रार करतोय, म्हणून आधी तिने भांडायची तयारी केली. मग ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "गेल्या महिन्यात सव्वीस तारखेला ताप आला तेव्हा मी अशीच फोन लावत होते, तुला." मी म्हटलं, माहीत आहे. खरंतर आत्ताच माहीत झालं होतं.

२४ ऑक्टोबर

भिंत रिकामी केली. आझमातला खाली उतरवताना इस्खारने टोपी काढली. "सज्जन होता. गाडीपण चांगली होती."

लारिसा पेत्रोव्हनांनी नवा नियम घातला: ज्याच्याशी बोललो नाही, त्याची गोष्ट लिहायची नाही. मी म्हटलं, पद्धतीत असं कुठे लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "चिठ्ठी एवढीशी का असते, सांग बरं. त्यावर सगळं मावत नाही म्हणून माणसाला जाऊन विचारावं लागतं. तुला काय वाटलं, कागदाची टंचाई आहे?"

उद्यापासून संध्याकाळी गेटवर उभा राहणार.

२९ ऑक्टोबर

गेटवर उभं राहणं सोपं नाही. पहिल्या दिवशी तुर्सुनाय एजेंनी मला झाडू दिला.

आजोबा एकमेकांना गुडघ्यांची औषधं सांगतात. आज्या मला जावयांविषयी मतं ऐकवतात, मीही त्यांच्यातलाच एक आहे हे विसरून. किंवा न विसरता. एक तरुण मावशी आहे, तिची बहीण इस्तंबूलला. एक आजोबा ऐकू येत नाही म्हणून फोन ठेवतच नाहीत. एका आईला खरोखरच भीती आहे, की घटस्फोटित नवरा पोराला परस्पर नेईल. ती हे सांगताना इकडेतिकडे बघत होती. या ॲपची ज्यांना गरज आहे त्यांतली ती एक. माझ्या चाळीस गोष्टींत ती कुठेच नव्हती.

नवी पहिली गोष्ट लिहिली. लारिसा पेत्रोव्हनांनी तीन वेळा परत पाठवली.

"'एक आजी म्हणून'? कुठली एक?"

"बुरुल अपा."

"काय हवंय तिला?"

"मंजुरीची सोपी सोय."

"तिने असं म्हटलं?"

नव्हतं म्हटलं. शेवटी जी भिंतीवर लागली ती अशी: 'बुरुल अपाला कोणाच्याही फोनची वाट न बघता आयदायला नेता यावं, म्हणजे साडेसहाला दोघी फोनपाशी असतील.'

"आणि झालं हे ओळखायचं कसं?" इस्खारने विचारलं.

"साडेसहाला त्यांच्या घरी फोन वाजला की उचलला जाईल."

त्याने चिठ्ठी हातात घेऊन बघितली. "ही दोन दिवसांत होते," म्हणाला. "आधीच का नाही सांगितलंस?"

८ नोव्हेंबर

आता ॲप एवढंसं झालंय. तुर्सुनाय एजेंच्या पाटीवर प्रत्येक मुलापुढे त्याला नेणाऱ्यांचे चेहरे. चेहरा ओळखीचा असला की त्या टिचकी मारतात, मूल बाहेर. अनोळखी असला तरच विचारणा जाते. आणि त्या घाबरलेल्या आईच्या मुलापुढे एक लाल चौकट, ती फक्त मुख्य बाईंना आणि एजेंना दिसते. बंद करायचं बटणही आहे. त्याची गोष्ट इस्खारने स्वतः लिहिली: 'इस्खार म्हणून मला संध्याकाळी उर्मातचा फोन यायला नको.' लारिसा पेत्रोव्हनांनी चालवून घेतली.

कुबात बाइके म्हणाले, "एवढंच? अल्मातीवाले कॅमेरे लावतायत, चेहरा ओळखणारे."

"आमच्याकडे तुर्सुनाय एजे आहेत," मी म्हटलं. विनोद त्यांना आवडला नाही.

चेहरे गोळा करायला वर्गताईंनी मुलांनाच विचारलं, तुला न्यायला कोण कोण येतं? मग घरच्यांकडून ते ताडून घेतलं. आज सायकालचं पान तपासलं. अता. आयसुलू. अतांचे मित्र जोल्दोश, ते एकदा पावसात आले होते. बस्स.

मी लारिसा पेत्रोव्हनांना दाखवलं. "यात चूक आहे. एक नाव राहिलंय."

त्यांनी पान वाचलं, चश्मा काढला, पुसला. नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. "ही सॉफ्टवेअरची चूक नाही रे," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा करून आणला.

दुरुस्ती मी स्वतः करू शकलो असतो. माझ्याकडे सगळे अधिकार आहेत. केली नाही.

१९ नोव्हेंबर

पहिला बर्फ. धुरकटलेलं शहर सकाळी धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं, दुपारी परत मळलं.

तोर्गोयचा निर्णय आला. आमच्याकडे दोन शाखा, ही आणि बाजाराजवळची. बाकी सगळ्या अल्मातीला, कॅमेऱ्यांसकट. कुबात बाइकेंनी हिशोब करून सांगितलं, की वसंतापर्यंत टीम टिकेल, पुढचं पुढे. लारिसा पेत्रोव्हना म्हणाल्या, "वसंतापर्यंत मी तशीही तुला सोडणार नव्हते. तुझ्या 'म्हणजे'मध्ये अजून बरंच पाणी आहे."

वाईट वाटलं का? वाटलं. पण साडेसहाला मी बालवाडीच्या कोपऱ्यावर होतो, आणि तिथून दिसणाऱ्या बुरुल अपांच्या खिडकीत दिवा होता.

२७ नोव्हेंबर, बुधवार

दर बुधवारी सायकालला मी आणायचं, असं ठरवलं. अतांना सांगितलं. ते म्हणाले, "नोकरी गेली का?"

आज पहिला बुधवार. तुर्सुनाय एजे मला रोज झाडू देतात, माझ्या बायकोचं माहेर कुठलं ते त्यांना ठाऊक आहे, तरी पाटी बघून म्हणाल्या, "हा चेहरा हिच्या पानावर नाही." आयसुलूच्या फोनवर विचारणा गेली. ती कामात होती. मी बर्फात उभा राहिलो. इतकं नीट चाललेलं दुसरं कुठलंही ॲप आम्ही आजवर बनवलेलं नाही.

बऱ्याच वेळाने हो आलं. आयसुलू घरी म्हणाली, "मी लगेच बघितलं होतं." मग म्हणाली, "जरा विचार करत होते." आणि मान वळवून हसली.

सायकाल मला बघून म्हणाली, "अता आजारी आहेत का?" वाटेभर बोलली नाही. बहुतेक दमली असावी.

४ डिसेंबर, बुधवार

सायकालचं कपाट साळिंदराचं आहे. साळिंदराचं नाव दोसबोल. त्याला सूप आवडत नाही. हे मला माहीत नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की लारिसा पेत्रोव्हनांची आठवण झाली.

तिने रात्री गोष्ट मागितली. मी विचारलं, कोणाची? "दोसबोलची." काय हवंय त्याला? "बाहेर जायचंय." कशासाठी? "उगीच," म्हणाली.

उगीच हेही कारण असू शकतं का, लारिसा पेत्रोव्हनांना विचारलं पाहिजे.

१८ डिसेंबर, बुधवार

आज जरा लवकरच पोचलो. तुर्सुनाय एजेंनी पाटीवर टिचकी मारली आणि काही न बोलता आत सोडलं. माझा चेहरा तिच्या पानावर कधी आला, कोणी घातला, मला माहीत नाही. इस्खार म्हणतो मी नाही. आयसुलू म्हणते मी नाही. वर्गताईंना विचारलं, तर त्यांनी फक्त सायकालकडे बोट दाखवलं.

ती चित्र रंगवत होती. वर बघून म्हणाली, "माझं अजून व्हायचंय. थांब." मग तिथल्या टीचभर खुर्चीवर गुडघे छातीला लावून बसलो. चित्रात एक घर होतं, त्याला खिडक्या फार होत्या, आणि ती एकेक करून सगळ्या पिवळ्या करत होती. मी घाई केली नाही.

निघालो तेव्हा अंधार पडत होता, पायाखाली बर्फ करकरत होता. मोठ्या रस्त्यापाशी तिने माझं बोट धरलं, तसा बालवाडीचा नियमच आहे, रस्ता ओलांडताना मोठ्यांचं बोट धरायचं. पलीकडे पोचलो. सोडायचं ती विसरली. मी काही आठवण करून दिली नाही.